ग्रिनेल, कार्लटन की विल्यम्स? आधी वीस लाखांचं बोलू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी कोल्हापुरात बारावीला. अर्थशास्त्र आवडतं, पर्यावरणही आवडतं, आणि अठराव्या वर्षी त्यातलं एक सोडून द्यायची तिची तयारी नाही. म्हणून अमेरिकेतली छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं, म्हणजे जिथं पदवीला वेगवेगळ्या शाखांचे विषय एकत्र शिकता येतात. तिची यादी पाच जणांची आहे: ग्रिनेल, कार्लटन, मॅकॅलेस्टर, स्वार्थमोर, विल्यम्स. घरून वर्षाला वीस लाख देता येतील, त्याहून जास्त नाही, कारण धाकटा आठवीत आहे. तुम्ही विचारलंय की यातलं स्वस्त कुठलं, शिकायला चांगलं कुठलं आणि मुलीला एकटीला राहायला बरं कुठलं.

सोळा वर्षं मी मुलांचे असे अर्ज बघतोय. प्रश्न नेहमी याच क्रमानं येतो आणि क्रम बरोबरच आहे. अडचण पहिल्या शब्दाशी आहे. या पाचांत स्वस्त कुणीच नाही. शिवाय एकाच कॉलेजची किंमत तुमच्या मुलीला एक आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीला दुसरी लागते. तेव्हा कॉलेजांची तुलना करण्याआधी आकडा बघू.

यांची छापील किंमत, म्हणजे ट्यूशन, खोली, जेवण, सगळं मिळून, वर्षाला ८०,००० डॉलरच्या वर गेलेली आहे. काही ९०,०००ला टेकलीत. डॉलर सोयीसाठी ९० रुपयांचा धरा. म्हणजे एक्याऐंशी लाख. तुमचे वीस लाख म्हणजे सुमारे २२,००० डॉलर. उरलेले ६८,००० डॉलर दरवर्षी, चार वर्षं, कुणीतरी दुसऱ्यानं भरायचेत. तुमच्यासाठी पाच कॉलेजांमधला पहिला फरक हाच: हे ६८,००० भरण्याची कुणाची ऐपत आहे, कुणाची इच्छा आहे आणि किती मुलांसाठी.

इच्छेपुरतं सांगायचं तर पाचही कॉलेजं म्हणतात की एकदा प्रवेश दिला की विद्यार्थ्याची आर्थिक गरज पूर्ण भागवू, परदेशी असला तरी. ऐकायला छान वाटतं. यात दोन मेखा आहेत. पहिली, गरज किती हे तुम्ही ठरवत नाही, कॉलेज ठरवतं. तुम्ही वीस लाख म्हणालात आणि त्यांच्या हिशोबानं तुमची ऐपत अठ्ठावीस निघाली, तर ते अठ्ठावीस धरूनच पुढचं देणार. दुसरी मेख मोठी आहे. परदेशी मुलांच्या बाबतीत ही पाचही कॉलेजं प्रवेश देतानाच बघतात की या मुलीला किती पैसे द्यावे लागतील. याला 'नीड-अवेअर' म्हणतात. पैशाकडे न बघता परदेशी मुलांना प्रवेश देणारी छोटी कॉलेजं मोजकी आहेत. ॲमहर्स्ट हे त्यातलं जुनं नाव, आणि २०२२ पासून मेन राज्यातलं बोडिन. (स्पेलिंग बघून 'बौडॉइन' म्हणणारे खूप भेटतात. उच्चार बोडिनच.) तिथं प्रवेश मिळणं किती अवघड असतं हे वेगळं सांगायला नको.

नीड-अवेअर म्हणजे अन्याय, असं पालक लगेच ठरवून टाकतात. मला तसं वाटत नाही. कॉलेजकडे परदेशी मुलांसाठी ठरावीक रक्कम असते आणि ती चार वर्षांसाठी बांधून द्यायची असते. पहिल्या वर्षी दिली आणि दुसऱ्या वर्षी हात वर केले, असं ही कॉलेजं सहसा करत नाहीत. म्हणून ती आधी बघून घेतात. तुम्हाला यातून एवढंच शोधायचं की ती रक्कम कुठे मोठी आहे.

आणि ते शोधता येतं. जवळपास प्रत्येक कॉलेज दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचं एक रूक्ष कागदपत्र प्रसिद्ध करतं. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधा. त्यातला एच विभाग उघडा आणि सहाव्या प्रश्नावर या. परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना कॉलेजनं स्वतःच्या खिशातून मदत दिली आणि सरासरी किती डॉलर दिले, हे तिथं छापलेलं असतं. बी विभागात एकूण परदेशी विद्यार्थी किती ते मिळेल. दोन्ही आकडे शेजारी लिहा. दीडशे परदेशी मुलांत एकशेतीस जणांना मदत आणि सरासरी ६०,००० डॉलर, असं दिसलं तर त्या कॉलेजात तुमच्यासारख्या घरातली मुलं जातात. दोनशेत चाळीस जणांना मदत दिसली, तर तिथे बहुतेक परदेशी मुलं पूर्ण पैसे भरून येतात, मग माहितीपत्रकावर कितीही देशांचे झेंडे असोत. तुमच्या मुलीला सांगा, पाचही कॉलेजांचे हे दोन आकडे वहीच्या एका पानावर मांड. अर्ध्या तासाचं काम आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ घरांनी ते केलेलं नसतं.

ऐपतीचं सोपं माप म्हणजे दर विद्यार्थ्यामागे कॉलेजचा निधी, म्हणजे साठवून गुंतवलेला पैसा, किती. त्यात आयोवातलं ग्रिनेल फार श्रीमंत आहे. सतराशेच्या आसपास मुलं आणि दोन अब्ज डॉलरहून मोठा निधी, म्हणजे डोक्यामागे दहा लाख डॉलरच्या वर. मक्याच्या शेतांमधल्या कॉलेजकडे एवढा पैसा आला कुठून? इंटेलच्या संस्थापकांपैकी एक रॉबर्ट नॉइस इथला विद्यार्थी. १९६८ मध्ये कंपनी निघाली तेव्हा कॉलेजनं तिच्यात सुरुवातीलाच पैसे गुंतवले, आणि गुंतवणूक बघणारे विश्वस्तही हुशार होते. वॉरन बफे हे त्यातले एक. गंमत म्हणजे याच नॉइसला विद्यार्थी असताना पार्टीसाठी शेजारच्या शेतकऱ्याचं डुक्कर चोरल्याबद्दल सहा महिने कॉलेजबाहेर काढलं होतं. आयोवात डुक्कर चोरणं म्हणजे आपल्याकडे कुणाची म्हैस सोडून नेण्यासारखंच.

विल्यम्स आणि स्वार्थमोरही श्रीमंत आहेत. कार्लटन त्यांच्या खाली. मॅकॅलेस्टरचा निधी ग्रिनेलच्या निम्म्याहूनही कमी आहे, पण परदेशी मुलं घेण्याची त्यांची परंपरा जुनी. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान १९६१ मध्ये तिथूनच पदवीधर झाले आणि कॉलेजच्या आवारात संयुक्त राष्ट्रांचा झेंडा असतो. ग्रिनेल आणि मॅकॅलेस्टर गुणवत्तेवरही शिष्यवृत्ती देतात. विल्यम्स देत नाही. तिथं सगळी मदत गरजेवर, आणि २०२२ पासून ती पूर्णपणे अनुदान म्हणून मिळते, त्यात कर्ज नाही आणि कामाची सक्तीही नाही.

आता फॉर्म. मदतीसाठी बहुतेक ठिकाणी 'सीएसएस प्रोफाइल' भरावा लागतो आणि पश्चिम महाराष्ट्रातली घरं इथेच अडकतात. फॉर्म विचारतो, शेती आहे का, किंमत किती. तुम्ही लिहिलंय की कागलजवळ साडेसात एकर ऊस आहे, सातबाऱ्यावर आजोबांसह चार जणांची नावं. वडील मंडळी अभिमानानं अख्ख्या जमिनीची किंमत भरतात. आज त्या रस्त्यालगत एकराचा भाव काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तो आकडा डॉलरमध्ये गेला की अमेरिकेतल्या अधिकाऱ्याला वाटतं, या घराला मदत कशाला? एका घरानं असंच केलं. उत्पन्न बेताचं, मुलगी हुशार, पण जमिनीची रक्कम बघून मदत जवळपास शून्यावर आली, आणि नंतर पत्रं लिहूनही कॉलेज हललं नाही. तुमच्या वाट्याला किती येते तेवढंच लिहा. खास परिस्थितीसाठी फॉर्ममध्ये मोकळी जागा असते, तिथे सरळ मांडा की जमीन वडिलोपार्जित आहे, वाटणी झालेली नाही, विकायला सर्वांच्या सह्या लागतात, आणि कारखान्याचं बिल वर्षातून कधी येतं. प्रॉव्हिडंट फंड हातातली बचत म्हणून दाखवू नका. निवृत्तीच्या पैशासाठी फॉर्ममध्ये वेगळी जागा आहे. आणि लपवू तर काहीच नका. कॉलेज इन्कम टॅक्स रिटर्न आणि बँकेचे कागद मागतं, त्यांचा ताळा जुळला नाही तर सगळंच बुडतं.

आणखी एक. मदत लागणार असेल तर ती पहिल्या अर्जातच मागायची. 'आधी प्रवेश तर मिळू दे, मग बोलू' हा आपला बाणा तिथं चालत नाही. पहिल्या वर्षी न मागणाऱ्या परदेशी मुलांना पुढेही मिळणार नाही, असं बऱ्याच कॉलेजांचं लेखी धोरण असतं.

पत्र हातात आलं की त्यातला शेवटचा आकडा बघून नाचायचं नाही. आरोग्य विमा त्यात धरलाय का? विमानभाडं? माझ्याकडच्या एका मुलाला कॉलेजनं पाठवलेल्या पत्रात विम्याची ओळच नव्हती. ऑगस्टच्या बिलात तो निघाला आणि बापाची धावपळ झाली. फी दरवर्षी तीन ते पाच टक्क्यांनी वाढते, तेव्हा मदतही त्या प्रमाणात वाढणार का, हे ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. अमेरिकेतला करही असतो. ट्यूशनपुरती शिष्यवृत्ती करमुक्त आहे, पण खोली-जेवणासाठी मिळालेला भाग उत्पन्न धरला जातो आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांच्या त्या रकमेवर १४ टक्के कापले जातात. पूर्ण शिष्यवृत्तीवर गेलेल्या मुलांना हा धक्का बसतो. १८,००० डॉलरच्या खोली-जेवणावर २,५२० डॉलर म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर. भारत-अमेरिका कर-करारातल्या २१व्या कलमामुळे आपल्या मुलांना प्रमाणित वजावट घेता येते, ती रिटर्न भरून घ्यायची. इतर बऱ्याच देशांच्या मुलांना ती मिळत नाही. तुमचे २२,००० डॉलर साधारण खोली-जेवणातच जातील आणि मदत ट्यूशनच्या आत राहील, म्हणजे तुमच्यापर्यंत हे यायचं नाही. तरी माहीत असू द्या.

शिक्षणाकडे येतो. पाचही ठिकाणी वर्ग लहान, शिकवायला प्राध्यापकच, पीएचडी करणारे मदतनीस नाहीत. क्रमवारीत कोण चौथं आणि कोण अकरावं यावर घरात भांडू नका. फरक आहे तो रचनेत, आणि तो रोजच्या जगण्यात जाणवतो.

ग्रिनेलमध्ये सक्तीचा विषय एकच, पहिल्या सहामाहीतलं ट्यूटोरियल. बारा-चौदा मुलं, एक प्राध्यापक, भरपूर लिखाण, आणि तोच प्राध्यापक सल्लागार. बाकी सगळं सल्लागाराशी बोलून ठरवायचं. ज्या मुलीला अर्थशास्त्र आणि पर्यावरण दोन्ही हवंय तिला हे मोकळं रान आहे. पण मोकळ्या रानात चुकणारीही असतात. गणित टाळत टाळत तिसऱ्या वर्षापर्यंत गेलेला आणि मग अर्थशास्त्राच्या वरच्या वर्गात धापा टाकणारा मुलगा मी पाहिलाय.

कार्लटनचं वर्ष तीन सत्रांचं, प्रत्येक सत्र दहा आठवड्यांचं, एका वेळी तीन विषय. कागदावर हलकं वाटतं. प्रत्यक्षात दुसरा आठवडा संपेपर्यंत पहिली परीक्षा दारात असते आणि एकदा ताप येऊन आठ दिवस गेले तर सत्राचा दहावा भाग गेला. चटपटीत मुलांना हे मानवतं. जिला एखाद्या प्रश्नात आठवडाभर घुटमळायला आवडतं तिला नाही. शिवाय पहिलं सत्र नोव्हेंबरच्या शेवटी संपतं आणि पुढचं जानेवारीत सुरू होतं. एवढी सहा आठवड्यांची सुटी पडली की मुलगी घरी येणार, म्हणजे हिवाळ्यातलं महागडं तिकीट. आणि वर्ष जूनपर्यंत चालतं, त्यामुळे उन्हाळी इंटर्नशिप इतरांपेक्षा उशिरा सुरू. वेळापत्रक बघायचं ते अशासाठी.

विल्यम्सची ट्यूटोरियलं मात्र वेगळीच चीज आहे. एक प्राध्यापक, दोन विद्यार्थी. एका आठवड्यात एकानं निबंध लिहायचा आणि दुसऱ्यानं त्यावर टीका करायची, पुढच्या आठवड्यात उलट. मागच्या बाकावर लपायला जागाच नाही, कारण मागचा बाकच नाही. आमची एक मुलगी, साताऱ्याची, शाळेत कधी हात वर न करणारी, पहिल्या ट्यूटोरियलच्या आदल्या रात्री रडत फोनवर होती. पाचव्या आठवड्यात तिनं जोडीदाराच्या निबंधातलं आकडेवारीचं मूळच चुकीचं असल्याचं दाखवलं. मला पाठवलेल्या ईमेलमध्ये एकच ओळ होती: 'सर, आज मी भांडले.' पर्यावरणासाठीही विल्यम्स जुनं. त्यांचं पर्यावरण अभ्यास केंद्र १९६७चं.

स्वार्थमोरला ऑनर्स घेतलं तर शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरच्या विद्यापीठांतले तज्ज्ञ येतात, लेखी आणि तोंडी दोन्ही. १९२० च्या दशकात ऑक्सफर्डचा नमुना समोर ठेवून ही पद्धत सुरू झाली. स्वार्थमोरमध्ये इंजिनिअरिंगची पदवीही आहे, छोट्या कॉलेजांत ती क्वचित दिसते. अभ्यासाचा ताण तिथं खरोखरच फार आहे; म्हणूनच पहिल्या सहामाहीत श्रेणी न देता फक्त पास-नापास असतं. मॅकॅलेस्टर या बाबतीत सर्वांत सौम्य, आंतरराष्ट्रीय विषय आणि अर्थशास्त्र चांगलं.

माहितीपत्रकातली विषयांची यादी बघून निर्णय घेऊ नका. छोट्या कॉलेजात पर्यावरणाचं अर्थशास्त्र शिकवणारा माणूस एकच असतो, आणि तो वर्षभर रजेवर गेला की तो विषय त्या वर्षी नाही. गेल्या चार सहामाह्यांची प्रत्यक्ष वेळापत्रकं कॉलेजच्या संकेतस्थळावर असतात. मुलीला आवडलेले सहा विषय त्यात शोधा. चारदा शिकवलेला विषय खरा. चार सहामाह्यांत एकदाही न दिसलेला विषय म्हणजे शोभेचा. संगणकशास्त्राचा एखादा विषय जोडीला घ्यायचा असेल तर तिथे मुलांना जागा मिळते का, हेही विचारून घ्या. गर्दीमुळे काही कॉलेजांत चिठ्ठ्या टाकायची वेळ आली आहे.

अर्थशास्त्राच्या पदवीची सरकारी नोंद कुठल्या नावानं आहे तेही विचारा. पदवीनंतर एफ-१वर बारा महिने काम करता येतं. नोंद 'इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स' अशी असेल तर ती स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणित गटातली, धरली जाते आणि आणखी चोवीस महिने मिळू शकतात. तोच विषय, तीच पुस्तकं, नोंद वेगळी, आणि दोन वर्षांचा फरक.

आता जागा. पालक नकाशावर कॉलेज बघतात, मी फेब्रुवारीत बघतो. ग्रिनेल गाव नऊ-दहा हजार वस्तीचं, दे मॉइन शहरापासून तासाभरावर. कार्लटनचं नॉर्थफिल्ड वीस हजारांचं, मिनियापोलिसपासून पाऊण-एक तास. गावाचं घोषवाक्यच 'गाई, कॉलेजं आणि समाधान' अशा अर्थाचं आहे, आणि नाश्त्याच्या लापशीचा कारखाना गावातच असल्यामुळे वारा तिकडून आला की अख्ख्या आवारात भाजक्या धान्याचा वास येतो. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पारा उणे वीसच्या खाली जाऊ शकतो. थंडीचं फार नाही, कोट मिळतो, बूट मिळतात. अंधाराची सवय व्हायला मात्र कोल्हापूरच्या मुलीला पहिलं वर्ष लागतं. मुलीला सांगा, तिथल्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याला लिही आणि एकच विचार: 'फेब्रुवारीतल्या गेल्या शनिवारी संध्याकाळी तू काय केलंस?' उत्तरातून सगळं कळतं.

मॅकॅलेस्टर सेंट पॉल शहरातच आहे. बस, विमानतळ, दुकानं, डाळ-तांदूळ, मिनियापोलिस परिसरातली मराठी माणसं, सगळं हाताशी. स्वार्थमोरच्या हिरवळीच्या उताराखालीच रेल्वे स्टेशन आहे. लोकलनं अर्ध्या तासात फिलाडेल्फिया. आनंदीबाई जोशी १८८३ ते ८६ या काळात डॉक्टरकी शिकल्या ते हेच शहर. न्यू जर्सीही जवळ, म्हणजे दिवाळीला कुणाच्या तरी घरी हक्काचा फराळ. विल्यम्स डोंगरात, मॅसॅच्युसेट्सच्या वायव्य टोकाला. सर्वांत जवळचा मोठा विमानतळ ऑल्बनीचा, तासाभरावर. शरदात झाडं लाल-केशरी होतात तेव्हा फोटो सुंदर येतात. त्या फोटोंवर जाऊ नका.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही काळजीनं विचारलंय. ही सगळी राहती कॉलेजं आहेत, मुलं चारही वर्षं बहुतेक आवारातच राहतात, आणि छोट्या गावात रात्री ग्रंथालयातून खोलीवर चालत जाणं रोजचंच. माझ्या अनुभवात मुली अडचणीत येतात त्या एकटेपणानं. म्हणून सुटीत वसतिगृह उघडं राहतं का, स्वयंपाकघर मिळतं का, आणि समुपदेशकाची वेळ किती दिवसांत मिळते, हे विचारा. शाकाहारी असाल तर जेवण सगळीकडे मिळतं, पण पहिल्या दोन महिन्यांत कढीची आठवण सगळ्यांनाच येते.

पर्यावरण शिकायचंय म्हणताय तर आजूबाजूची जमीन म्हणजे प्रयोगशाळाच. ग्रिनेलकडे ३६५ एकरांचं कुरणाचं संशोधन क्षेत्र आहे. मूळचं गवत टिकावं म्हणून तिथे मुद्दाम वणवा लावतात आणि मुलं ते काम शिकतात. कार्लटनला लागून आठशे एकरांहून मोठं रान आहे. ऊस पेटवताना पाहिलेल्या मुलीला या वणव्याबद्दल विचारायला खूप प्रश्न असतील, आणि खरं सांगू, तिच्या अर्जातला निबंध तिथेच आहे.

'आजोबा म्हणतात ही नावं कुणी ऐकली नाहीत', असं तुम्ही लिहिलंय. आजोबांना दोन गोष्टी सांगा. चळवळींच्या अभ्यासक, कासेगावच्या गेल ऑम्व्हेट त्यांना नक्की माहीत असतील. त्या मूळच्या मिनियापोलिसच्या आणि कार्लटनच्या पदवीधर. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासकार एलिनॉर झेलियट त्याच कार्लटनमध्ये वर्षानुवर्षं शिकवत होत्या, आणि मध्य-पश्चिमेतल्या या कॉलेजांची मुलं अनेक वर्षं पुण्यात येऊन मराठी शिकत होती. दुसरी गोष्ट जुनी. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल हे विल्यम्सचे पदवीधर. ते मराठी शिकले, मराठीत भाषांतरं केली आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं गेले. मुंबईत नोकरी देणाऱ्यांना नाव ओळखीचं नसेल, पण अमेरिकेतल्या पीएचडीच्या प्रवेश समित्यांना ही पाचही नावं पाठ असतात.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? ग्रिनेल सर्वांत वर ठेवलं असतं: पैसा आहे, मोकळीक आहे, कुरण आहे. मुलीला ते खरंच आवडलं तर नोव्हेंबरातला 'अर्ली डिसिजन' अर्ज तिथेच. तो बंधनकारक असतो, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं, पण मदत अपुरी पडली तर त्यातून सुटता येतं. मग मॅकॅलेस्टर. विल्यम्स ठेवा, आशा न धरता. स्वार्थमोर आणि कार्लटन यांतलं एक काढा; मुलगी घुटमळणारी असेल तर कार्लटन. त्या जागी ओहायोतलं वूस्टर आणि विस्कॉन्सिनमधलं लॉरेन्स घाला. नाव लहान, पण गुणवत्तेची शिष्यवृत्ती देतात. वूस्टरमध्ये तर शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्राध्यापकाबरोबर एकास एक संशोधन करावंच लागतं. तिथली मदत ६८,००० पर्यंत जाणं कठीण, तेव्हा एच विभागातला आकडा बघूनच अर्जाची फी भरा.

अजून खालच्या, भरघोस सूट देणाऱ्या कॉलेजांत जाताना जपून. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज १८६८चं. २०२४च्या एप्रिल अखेरीस त्यांनी सांगितलं की हे सत्र संपलं की कॉलेज बंद. मुलांच्या हातात काही आठवडे होते. व्हर्मांटमधलं ग्रीन माउंटन २०१९ मध्ये गेलं. निम्म्याहून जास्त फी माफ करणारं, निधी तुटपुंजा आणि दरवर्षी मुलं कमी होणारं कॉलेज दिसलं की परदेशी मुलीला तिथे पाठवू नये, व्हिसाचीही धावपळ होते.

सगळीकडून मदत वीस लाखांच्या मापात बसली नाही तर जमिनीचा तुकडा विकून पदवीला पाठवू नका. फ्लेम विद्यापीठ पुण्यातच आहे, अशोका विद्यापीठ सोनिपतला. याच धर्तीचं शिक्षण आहे, अमेरिकेला पीएचडीला जाता येईल, आणि तिथे चांगल्या विद्यापीठांत पीएचडीला सहसा पैसे तेच देतात.

धाकट्यासाठी वेळ आहे. मुळशीजवळच्या यूडब्ल्यूसी (युनायटेड वर्ल्ड कॉलेज) महिंद्र कॉलेजमध्ये अकरावी-बारावी केली तर डेव्हिस शिष्यवृत्तीचा रस्ता उघडतो. अमेरिकेतली अनेक छोटी कॉलेजं तिच्याखाली मुलं घेतात, आणि तुमच्या यादीतली नावंही त्यात आहेत. महिंद्रमध्ये प्रवेशाच्या वेळीही गरजेनुसार मदत असते. दहावीत असतानाच अर्ज करायचा असतो.

या आठवड्यात एवढं करा: तलाठ्याकडून ताजा सातबारा काढा, गेल्या दोन वर्षांची रिटर्न्स शोधा, कारखान्याची बिलं एका फाइलला लावा. आणि मुलीनं मांडलेल्या त्या पानाचा फोटो मला पाठवा. पुढचं त्यावर बघून सांगतो.